उत्तरानंतरचा चेहरा

रात्रीचे साडेअकरा झाले आहेत. या, इथे बसा.

लालबागच्या चाळीतली ही दुसऱ्या मजल्यावरची खोली. दार लोटलेलं आहे, कडी घातलेली नाही. गॅलरीत दोरीवर कुणाचा तरी टॉवेल वाळतो आहे. आतल्या खोलीत आई झोपली आहे.

दिवा नको. पुलावरचा उजेड खिडकीतून आत येतो, तेवढा पुरे.

पाठ भिंतीला टेकवा. भिंत अजून कोमट आहे. दिवसभराचं ऊन तिच्यात मुरलेलं आहे.

श्वास घ्या. सावकाश.

मसाला गल्लीतली दुकानं केव्हाच बंद झाली, तरी तिचा वास अजून जागा आहे. धणे. लवंग. भाजलेली मिरची, अगदी पुसट. तो तुमच्यापर्यंत येईल. येऊ द्या.

पुलावरून एक ट्रक जातो. आवाज लांबून येतो, मोठा होतो, परळच्या बाजूला विरून जातो. त्याच्या मागे जाऊ नका. इथेच राहा.

आता आतल्या खोलीतून आईचा श्वास ऐकू येतो. आत. बाहेर. मध्ये थांबण्याची एक छोटीशी जागा.

त्या जागेवर कान ठेवा.

माझ्या हातात एक कन्सोल आहे, शाळेच्या पाटीहून लहान. पडद्याचा उजेड मी अगदी मंद केला आहे. इअरफोन एकाच कानात घातला आहे. दुसरा कान आईसाठी मोकळा.

तुम्ही असले खेळ कधी खेळला नसाल, तरी काही बिघडत नाही. आज खेळायचं नाही. आज एका चेहऱ्याकडे बघायचं आहे.

तिथवर पोचायला थोडं चालावं लागेल. हळू चालू.

खेळाचं नाव एल. ए. नॉयर. सिडनीतल्या टीम बॉन्डी नावाच्या चमूनं तो घडवला आणि २०११ सालच्या मे महिन्यात रॉकस्टारनं तो बाजारात आणला. १९४७ सालचं लॉस एंजेलिस. महायुद्धावरून परतलेला एक तरुण पोलीस, कोल फेल्प्स. त्याच्या खिशात एक वही. गुन्हा घडलेल्या जागी जायचं, खाली वाकून बघायचं, माणसांना प्रश्न विचारायचे, वहीत टिपायचं.

२०११ साली मी आणि दादा तो खेळलो. लॅमिंग्टन रोडवरून आणलेली डिस्क, दादाचा जुना टीव्ही, पूर्ण वेगात फिरणारा पंखा. बाहेर हा पूल नुकताच सुरू होत होता. आम्हाला पुढे जायचं होतं. पुढची केस, पुढचा गुन्हेगार. प्रश्न विचारला की उत्तर पुरतं यायच्या आत आम्ही बटण दाबत होतो.

२०१७च्या नोव्हेंबरात तोच खेळ नव्या कन्सोलसाठी पुन्हा निघाला. घासूनपुसून. रस्त्यांवरचा उजेड नवा, धुकं नवं, कपड्यांची वीण अधिक स्पष्ट.

चेहरे मात्र तेच. ते पुन्हा चित्रित केलेले नाहीत.

एवढं लक्षात असू द्या. चेहरे तेच आहेत.

आता मी एक गोष्ट करते. या खेळात रंग घालवून टाकायची सोय आहे. मी ती निवडते.

लाल जातो. पिवळा जातो. राखाडी उरतो.

डोळ्यांना थोडा वेळ द्या. राखाडीतही किती छटा असतात ते हळूहळू दिसायला लागतं. ओल्या रस्त्याचा राखाडी. टोपीच्या कडेखालचा राखाडी. धुराचा.

कानात ट्रामची घंटा वाजते. ठण. ठण. मी फेल्प्सला फुटपाथवर उभा करते आणि ट्राम जाऊ देते.

तुम्हीही उभे राहा. ट्राम जाऊ द्या.

लॉस एंजेलिसची ती शेवटची ट्राम ३१ मार्च १९६३ रोजी धावली. आपली, बोरीबंदरहून दादरला जाणारी, ३१ मार्च १९६४ रोजी. मध्ये बरोबर एक वर्ष. मला हे कळलं त्या दिवसापासून ही घंटा दोन्हीकडून ऐकू येते.

हे १९४७ आहे. त्या वर्षी इथे, याच गल्लीत, लोक गिरणीच्या भोंग्यावर उठत होते आणि भोंग्यावर जेवत होते. त्याच वर्षी गिरगावातल्या एका खोलीत आईचा जन्म झाला.

खेळातलं ते शहर बनवणाऱ्यांनी विमानातून काढलेली जुनी छायाचित्रं समोर ठेवली होती. कोणती इमारत कुठे होती, कोणत्या कोपऱ्यावर कसली पाटी होती. त्यातलं कितीतरी आज तिथे उभं नाही. पडद्यावर उभं आहे. आपल्याकडच्या गिरण्यांसाठी असं कुणी केल्याचं मला माहीत नाही, आणि ते व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं. चिमण्या आठवणारी माणसं अजून आहेत तोवर व्हायला हवं.

ट्राम गेली. रस्ता रिकामा झाला.

चला.

मालगाडीच्या यार्डातली एक मोकळी जागा. एक मोटार उभी आहे, दार उघडं. आत रक्त आहे. माणूस नाही.

घाबरू नका. फक्त बघा.

जमिनीवर एक पाकीट. मोटारीत एक पावती, जिवंत डुक्कर विकत घेतल्याची. आणि थोडं पुढे, मातीत, एक चष्मा.

फेल्प्स जवळ जातो तशी माझ्या हातातला कन्सोल थरथरतो. किंचित, कोंबडीचं पिल्लू मुठीत धरावं तसा. कानात पियानोचा एक स्वर. इथे काहीतरी आहे, असं खेळ हलकेच सांगतो. अजून त्यानं काही समजावलेलं नसतं. नुसतं थांबवलेलं असतं.

थांबा.

मी चष्मा उचलते. पडद्यावर आता फक्त हात आहे, आणि हातात चष्मा.

बोट पडद्यावर ठेवून तो फिरवता येतो. मी फिरवते. सावकाश. एक काडी येते, मग नाकावर बसणारा भाग, मग दुसरी काडी. भिंगावरून उजेडाची एक रेघ सरकत जाते. फिरवता फिरवता एका जागी बनवणाऱ्याचं नाव दिसतं आणि हात आपोआप थांबतो.

हा चष्मा कुणाच्या तरी कानांमागे बसत होता. कुणीतरी तो रोज रात्री काढून ठेवत होतं, रोज सकाळी चाचपडून शोधत होतं.

तुमच्या घरातला एखादा चष्मा आठवा. कुणाचा आहे ते आता सांगू नका. त्याच्या काड्यांवरची झीज आठवा. नाकाजवळ साचलेला हिरवट थर आठवा. काडीला बांधलेला दोरा असेल, तर तो.

तो चष्मा मनातच हातात घ्या. वजन जाणवतंय का?

थोडा वेळ तो तसाच धरा.

चष्मा हातात आला की मला गिरगाव आठवतं. बाबूराव अर्नाळकर आठवतात. १९०६ साली जन्मले, १९९६ साली गेले, आणि मध्ये हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून गेले. झुंजार त्यांचा. धनंजय त्यांचा, छोटू त्यांचा, काळा पहाड त्यांचा. आणि ते चष्म्यांचं दुकान चालवत. दिवसा लोकांना दिसावं म्हणून भिंगं द्यायची, आणि रात्री, दिसत नाही त्याच्या गोष्टी लिहायच्या. एकाच माणसाच्या हातून.

आईनं त्यांची पुस्तकं वाचलेली नाहीत. ऐकली आहेत. लायब्ररीतून पुस्तक एका रात्रीपुरतं यायचं, पोरं आठ-दहा. मग मामा कंदिलाजवळ बसून मोठ्यानं वाचायचा आणि बाकीचे गॅलरीभर पसरून ऐकायचे. मामा दमला की सगळी गॅलरी थांबायची. काळा पहाड खिडकीत एक पाय टाकून तसाच थांबायचा. मामा पाणी प्यायचा. मग पुढे.

आई अजून तशीच ऐकते. मान किंचित वळवून. एकदा ऐकलेलं तिच्या कानातून जात नाही.

हे मनात राहू द्या. आता चष्मा खाली ठेवू.

आता आपण त्या चेहऱ्याजवळ आलो आहोत.

एक घर. घरात एक बाई. मार्गारेट ब्लॅक. मोटार तिच्या नवऱ्याची आहे, चष्माही त्याचाच. नवरा मेला की जिवंत आहे, हे आपल्याला अजून माहीत नाही. पुढे कळतं. आज तिथवर जायचं नाही.

फेल्प्स वही उघडतो. एक प्रश्न विचारतो.

ती उत्तर देते.

उत्तर संपतं.

इथे.

इथेच थांबायचं आहे. याच जागेसाठी मी तुम्हाला एवढ्या रात्री बोलावलं.

शब्द संपले आहेत. चेहरा अजून संपलेला नाही.

बघा.

आधी सगळा चेहरा एकदम बघा. काही शोधू नका. पाण्याकडे बघतो तसं.

श्वास आत. श्वास बाहेर.

आता डोळे बघा. नजर आपल्याकडे येते, थोडी राहते, मग बाजूला जाते. बाजूला काय आहे? भिंत असेल. एखादं टेबल असेल. किंवा काहीच नसेल. पुन्हा येते.

पापण्या बघा. त्या मिटतात, उघडतात. मध्ये अंतर कमी-जास्त होतं.

ओठ बघा. बोलून झाल्यावर ओठ लगेच शांत होत नाहीत. गाडी थांबल्यावर डबे थोडे हलावेत, तसे हलतात.

गळा बघा. तिनं आवंढा गिळला. तुम्ही पाहिलंत?

पाहिलं नसेल तर हरकत नाही. ती पुन्हा गिळेल. आपण काही निवडत नाही तोवर ती अशीच समोर राहणार आहे. तेच छोटे छोटे हालचालींचे तुकडे, पुन्हा पुन्हा, न कंटाळता.

आपल्याला वेळ आहे.

हा चेहरा कुणी चितारलेला नाही. एक खरी नटी एका लख्ख उजेडाच्या खोलीत खुर्चीवर बसली होती. तिच्याभोवती ३२ कॅमेरे होते, सगळीकडून. ती बोलत होती आणि ३२ डोळे एकाच वेळी तिचा चेहरा टिपत होते. अशा चारशेहून अधिक कलाकारांचे चेहरे या खेळात आहेत. शरीराच्या हालचाली वेगळ्या घेतल्या, मग चेहरा त्यांवर बसवला. म्हणून कधी कधी मान आणि चेहरा एकमेकांना अनोळखी वाटतात. २०११ साली दादा त्यावर हसला होता. आज मला त्यात काही खटकत नाही. चेहरा थोडा सुटा आहे, म्हणून नीट दिसतो.

ते बघताना माझ्या मनात एक गोष्ट येते आणि थांबते.

त्या खोलीत त्या नटीनं वाक्य म्हटलं. वाक्य संपल्यावरही तिला तिथेच बसून राहायचं होतं, न बोलता. कॅमेरे चालूच होते. कुणीतरी तिला सांगितलं असेल, बाई, आता नुसत्या राहा.

नुसतं राहणं टिपलेलं आहे. आपण तेच बघतो आहोत.

पडद्यावर आता तीन पर्याय आले आहेत. त्यांच्याकडे लगेच जाऊ नका, ते कुठे जात नाहीत. पण त्यांच्याबद्दल एक सांगते.

२०११ साली या जागी तीन शब्द होते. खरं. संशय. खोटं.

त्यातला एक निवडायचा. म्हणजे समोरची बाई काय आहे, ते मी ठरवायचं.

नव्या आवृत्तीत शब्द बदलले आहेत. गुड कॉप. बॅड कॉप. अक्यूज. म्हणजे गोडीनं विचार, दरडावून विचार, किंवा सरळ आरोप कर.

चेहरा तोच. उत्तर तेच. पण आता शब्द तिच्याबद्दल काही म्हणत नाहीत. माझ्याबद्दल म्हणतात. मी कशी वागणार आहे, एवढंच विचारतात.

हा बदल ज्या कुणी केला, त्याला माझा नमस्कार.

दोन्ही शब्द एकदा मनात म्हणून बघा. एखादा चेहरा समोर आणा आणि मनात म्हणा, खोटं. छातीत काय होतं?

आता तोच चेहरा. मनात म्हणा, गोडीनं विचार.

काय होतं?

काही झालं नाही, तर तेही बघा. काही न होणंही बघण्यासारखं असतं.

परवाची दुपार. दादर. चष्म्याच्या दुकानामागची अरुंद खोली, पडदा लावलेली.

आई उंच खुर्चीवर बसली आहे. पाय जमिनीला टेकत नाहीत. चप्पल अंगठ्यावर लोंबते आहे. नाकावर ती जड, गोल, लोखंडी फ्रेम. तपासणारा मुलगा तिच्यात एकेक भिंग घालतो. टक. काढतो. टक.

"आजी, आता बरं दिसतंय की आधी बरं होतं?"

"आता."

"आणि आता?"

"आता बरं."

"हे बरं की ते बरं?"

"दोन्ही बरं आहे रे बाळा."

मुलगा हसतो. भिंग बदलतो. म्हणतो, "आजी, शेवटची ओळ वाचा बघू."

सगळ्यात खालची ओळ. बारीक अक्षरांची.

आई वाचते. पाच अक्षरं, एकामागून एक, स्वच्छ. एकही चुकत नाही.

"वा, आजी!"

मी दाराशी उभी आहे. मला ठाऊक आहे की घरी तिला दुधाच्या पिशवीवरची तारीख दिसत नाही.

मी तिच्या चेहऱ्याकडे बघते.

तुम्हीही या. माझ्या शेजारी उभे राहा. पडदा थोडा बाजूला करा.

उत्तर संपलं आहे. हनुवटी किंचित वर आहे, शाळेत पाढा म्हणून झाल्यावर असते तशी. ओठ मिटलेले. डोळे तक्त्याकडे नाहीत. ते त्या मुलाच्या आवाजाकडे आहेत. मान थोडी वळलेली.

ऐकताना वळते, तशी.

मग माझ्या लक्षात येतं. आमच्या आधी एक आजोबा आत होते. पडद्याच्या पलीकडून त्यांचा आवाज बाहेर येत होता. त्यांनी हीच ओळ मोठ्यानं वाचली होती. बाकावर बसून आईनं ती ऐकली होती.

एकदाच ऐकली होती.

जिभेवर शब्द येतो. आई, तुला दिसत नाहीये. येतो आणि तिथेच राहतो.

मी काही बोलत नाही. का, ते नीट सांगता येणार नाही. त्याआधी आठवडाभर मी रोज रात्री या खेळातले चेहरे बघत होते, एवढंच सांगू शकते.

मुलगा कागदावर काहीतरी लिहितो. पंखा फिरतो. बाहेर रस्त्यावर कुणीतरी भाव सांगत ओरडतं आहे. आईच्या अंगठ्यावरची चप्पल हलते. एकदा. पुन्हा एकदा.

तिनं आवंढा गिळला. या वेळी मी पाहिलं.

किती वेळ गेला, मी मोजलं नाही.

मग आईच म्हणते, "शेवटली ओळ मला दिसत नाही. त्या आधीच्या माणसानं वाचली, तीच मी म्हटली."

मुलाचा हात थांबतो. तो तिच्याकडे बघतो. हसत नाही. स्टूल ओढून तिच्यासमोर बसतो, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर.

"मग आजी, सांगितलं का नाही?"

"ऑपरेशन सांगाल म्हणून. मग हिची रजा जाते."

हे ती त्याला सांगते. माझ्याकडे न बघता.

इथे राहा थोडं. या अरुंद खोलीत. पंख्याचा आवाज. लोखंडी फ्रेमच्या गोलातले दोन डोळे, भिंगामुळे मोठे झालेले, ओले.

श्वास आत.

श्वास बाहेर.

तुमच्याही मनात एक चेहरा आला असेल. कुणीतरी म्हणालं असेल, ठीक आहे. जेवलोय. काही दुखत नाही. तुझं चालू दे. आणि तुम्ही म्हणाला असाल, बरं, आणि वळला असाल.

त्या चेहऱ्याकडे परत जा. वळायच्या आधीच्या जागी जा. शब्द नुकतेच संपले आहेत.

त्याला काही विचारू नका. काही ठरवू नका. तो काय करतो आहे, ते फक्त बघा. नजर कुठे जाते. ओठ कधी शांत होतात.

त्याला हवा तेवढा वेळ द्या.

थांबा.

अजून थोडं.

मी परत या खोलीत येते. तुम्हीही या, सावकाश. पाठीमागची भिंत. पुलावरचा उजेड. धण्यांचा वास, आता आणखी पुसट.

पडद्यावर मार्गारेट ब्लॅक अजून समोर आहे. राखाडी. तीन पर्याय तसेच आहेत. आपण एवढं सगळं फिरून आलो आणि ती जागची हललेली नाही. नजर बाजूला जाते. परत येते. आवंढा.

ती आपण होऊन कधीच बोलणार नाही. पहाटेपर्यंत बसलो तरी बोलणार नाही. तिचं पुढचं वाक्य माझ्या अंगठ्याखाली आहे. मी बरोबर निवडलं तर पियानो वर चढेल, चुकलं तर खाली उतरेल. २०११ साली मला तो वर चढणारा सूर फार हवा होता.

मी अंगठा काढून घेते.

तिच्याकडे एकदा बघते. ज्या बाईनं हा चेहरा त्या लख्ख खोलीत बसून दिला, तिच्याकडेही. मग पडदा मिटवते.

अंधार. डोळ्यांत राखाडीचा एक चौकोन थोडा वेळ तरंगत राहतो. तो विरेपर्यंत थांबा.

आता ऐका.

टॉवेल दोरीवर हलतो आहे. चाळीच्या जिन्यावर कुणीतरी दबक्या पावलांनी वर येतं आहे. शेवटच्या पाळीवरून परतणारं कुणीतरी असेल. पायऱ्या लाकडाच्या आहेत, तिसरी करकरते. करकरली.

आतल्या खोलीत आईचा श्वास. आत. बाहेर. मध्ये ती छोटी जागा.

तिच्या उशाशी फळीवर तिचा जुना चष्मा आहे. डाव्या काडीला काळा दोरा गुंडाळलेला. मी उठते, अंधारातच तो हातात घेते. बोटांनी काडी लागते, मग नाकाजवळचा भाग, मग दुसरी काडी. हलका आहे. वाटला होता त्याहून हलका.

पदरानं दोन्ही भिंगं पुसते आणि होता तिथे, होता तसाच ठेवते. सकाळी ती चाचपडेल, तेव्हा तो तिथे असायला हवा.

तुम्ही बसा हवं तर. दार नुसतं लोटलेलं आहे.

मंगळवारी सकाळी आठ वाजता आईला परळला न्यायचं आहे. डावा डोळा आधी. रजा मी टाकली आहे.